सावडीचा तास

पिंपरतळ्याच्या अन्नशाळेत साबण आणायला बंदी होती. फाटकावर दप्तरं उघडून बघत, ती त्यासाठीच. हाताला तेल किंवा मलम लावून आलेल्या मुलाला वर्गात बसता येई, पण त्या दिवशी वाफ्यावर जाता येत नसे. वाफ्यावर न जाण्याची ही शिक्षा मुलांना छडीपेक्षा जड वाटे.

साबणातल्या रसायनांनी रोपांना इजा होते, असं कारण तन्वी बारस्कर यांना प्रशिक्षणात सांगितलं होतं. शाळेत रुजू झाल्यावर पहिलं वर्षभर बाईंनी ते खरं मानलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की ही बंदी मोठ्यांवर नाही. स्वयंपाकीण साबणाने भांडी घासून आली आणि तशीच वाफ्यातली मेथी खुडायला लागली, तर तिला कुणी अडवत नव्हतं. मुलांच्याच हाताचा साबण तेवढा रोपांना बाधत होता.

बाईंच्या मनात शंका शिरली ती तेव्हा.

अन्नशाळा निघाल्या त्या जळक्या वर्षांनंतर. सलग आलेल्या त्या उन्हाळ्यांत जमिनीचा वरचा वीतभर थर इतका तापला, की त्यातले सूक्ष्म जीव मरून गेले. माती दिसायला मातीच राहिली. पण पिकाला लागणारं नत्र आणि स्फुरद मुळांपर्यंत पोचवणारं तिच्यात कुणी उरलं नाही. बी पेरलं की कोंब येई, आणि दुसऱ्या पानावर पिवळा पडे. खत टाकलं तर ते जसंच्या तसं पडून राही. मग बोटींनी धान्य येऊ लागलं, पुढे बोटीही कमी झाल्या. जिथे काहीच नव्हतं तिथली माणसं शहराबाहेरच्या छावण्यांत गेली.

मृदाजीव केंद्राने त्या वेळी मांडलेली योजना सगळ्यांना पटली. मोठ्यांना जुन्या शेतीच्या सवयी जडल्या आहेत. नवी शेती मुलांना शिकवायला हवी. प्रत्येक मुलाला एक वाफा मिळेल, त्यात चवळी, राजगिरा, भुईमूग. पीक शाळेच्या कोठारात जाईल आणि मुलाच्या घराला दर महिन्याला शिधा मिळेल.

वाफे पिकले. यात खोटं काही नव्हतं. कुंपणापलीकडच्या रानात गवताची काडी नव्हती आणि शाळेच्या जाळीखाली राजगिरा कमरेला लागत होता.

खोटं असेल तर ते पुढे कुठेतरी होतं. शाळेतून बाहेर पडलेली मुलं घरी काहीच पिकवू शकत नव्हती. ती बाईंना रस्त्यात गाठत. "बाई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. दोन बोटं खोल बी, सकाळचं पाणी, वरून पाचट. तरी पिवळं पडलं." बाई केंद्राला कळवत. केंद्राचं उत्तर ठरलेलं असे: अध्यापनात त्रुटी. बाई आणखी बारकाईने शिकवू लागल्या. फरक पडला नाही. शिकणाऱ्या मुलांनी घरी मातीत हात घालून बघावा, तर त्यालाही मनाई होती. म्हणे चुकीच्या सवयी लागतात.

शिक्षण संपायचं तेही चमत्कारिक. परीक्षा होत, पण त्यांचे पेपर केंद्राने कधी मागवले नाहीत. एखाद्याचा वाफा कोमेजू लागला, की पाठोपाठ केंद्राकडून प्रमाणपत्र यायचं: विद्यार्थी उत्तीर्ण. कधी ते बारा वर्षांच्या मुलाचं असे, कधी चौदा वर्षांच्या. उत्तीर्ण झालं की वाफा गेला आणि वाफा गेला की शिधाही. पिंपरतळ्याच्या मुलांत 'जा, पास होशील!' ही शिवी होती.

त्या हिवाळ्यात केतकी ढवळे पास होणार, हे सगळ्या शाळेला दिसत होतं. ती चौदाची, वर्गात सगळ्यांत उंच. घरात ती आणि आई, दोघीच. दोघी तिच्या शिध्यावर जगत होत्या. तिची चवळी खालच्या पानांपासून पिवळी पडायला लागली, तेव्हा बाईंनी स्वतः गुडघे टेकून वाफा तपासला. पाणी बरोबर होतं, खोली बरोबर होती, कीड नव्हती.

"काय चुकलं माझं, बाई?" केतकीने विचारलं.

"काही चुकलेलं नाही."

"मग?"

बाईंनी वाफ्याची माती पुन्हा उकरून बघितली. पण पंधरवड्यात चवळी आपोआप सावरली. नवी पानं गर्द हिरवी आली, शेंगा धरल्या. प्रमाणपत्र आलं नाही. त्याऐवजी केंद्राची गाडी आली.

गाडीतून डॉ. अन्वय पानसे उतरले. ते केंद्राचे शास्त्रज्ञ, शाळेत अधूनमधून येत. बोलायला मोकळे, मुलांशी थट्टा करणारे. तरी त्यांची एक गोष्ट बाईंना खटके. नवं मूल समोर आलं की ते आधी त्याचे हात बघत, मग चेहरा.

त्यांनी मुलांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाचा तळहात एकेका काचेच्या ताटलीत दाबून घेतला. ताटल्यांत जिलेबीच्या पाकासारखी चिकट, पारदर्शक खळ होती. तासाभरात ठसे निळे होऊ लागले. पानसे केतकीची ताटली उचलून ऑफिसात आले आणि दार लोटून घेतलं.

"अभिनंदन, बाई. तुमच्या शाळेत सोनं सापडलंय."

"धान्य सापडलं असतं तर जास्त बरं झालं असतं."

पानसे हसले. "तेच सापडलंय. केतकीला उद्या सकाळी केंद्रात नेतो. तिच्या आईशी बोललो. दोघींना जन्मभर शिधा."

"तिला काय शिकवणार तिथे?"

"शिकवणार काही नाही. तिचे हात तपासायचेत. तळव्याची थोडी त्वचा घ्यावी लागेल. पुन्हा पुन्हा, पण थोडीच. भरून येते ती."

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसल्या. "डॉक्टर, तुम्ही मुलीची कातडी काढायला नेताय आणि मला अभिनंदन म्हणताय. इतकी वर्षं मी इथे काय शिकवतेय, ते आज सांगा. नाहीतर फाटक उघडणार नाही."

फाटक बाईंच्या हातात नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. तरी पानशांनी ताटली टेबलावर ठेवली. कदाचित इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं म्हणून असेल.

"जमिनीतले जीव उन्हाने मेले, हे तुम्हाला माहीत आहे. नवे सोडले की तेही दुपारपर्यंत मरतात. त्यांना रात्रभर सांभाळेल अशी जागा हवी होती. ऊब ठरलेली, ओलावा ठरलेला आणि रोज मातीत जाणारी. अशी एकच जागा सापडली. माणसाचा तळहात. आम्ही तिथे जगणारे जीव घडवले. हस्तज म्हणतो त्यांना, हातावर जन्मलेले. मूल सकाळी वाफ्यात हात घालतं, हस्तज मातीत उतरतात, मुळांना खायला घालतात, दुपारी मरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात."

"प्रवेशाच्या दिवशी मुलांच्या हाताला लेप लावतात..."

"तो लेप म्हणजे हस्तजच."

"म्हणून साबण नको."

"म्हणून."

"आणि बी दोन बोटं खोल, पाचट, पाण्याची वेळ, हे मी घसा फोडून सांगते ते?"

"त्याने नुकसान काही होत नाही," पानसे म्हणाले.

बाहेर मुलांची वाफे शिंपायची गडबड चालली होती. कुणीतरी कुणाच्या पायावर बादली सांडली होती आणि दोघं भांडत होती.

"म्हणजे ही मुलं शेती शिकत नाहीयेत," बाई म्हणाल्या.

पानशांनी शब्द शोधला. "मुलं विरजण आहेत, बाई. वयात येताना कातडीचं तेल बदलतं आणि त्यात हस्तज टिकत नाहीत. वाफा वाळतो. मूल पास होतं."

"आणि मला पत्र येतं. अध्यापनात त्रुटी."

"ते पत्र मीच लिहितो. लिहिताना बरं वाटत नाही."

"लोकांना का सांगत नाही?"

"सांगितलं होतं. पहिल्या प्रयोगाच्या गावात सगळं सांगितलं. दोन वस्त्यांनी एका सात वर्षांच्या मुलीवरून डोकी फोडली. एकाने आपलाच मुलगा रानोरान भाड्याने फिरवला, त्याच्या तळव्यांची सालपटं निघाली तरी. मग आम्ही ठरवलं, शाळा काढू. शाळेत मूल पाठवताना कुणाला शंका येत नाही."

हे मात्र खरं असावं, असं बाईंना वाटलं आणि त्यामुळे त्यांना जास्त भीती वाटली.

"केतकी चौदाची आहे," पानसे पुढे म्हणाले, "आणि हे बघा." त्यांनी ताटली उजेडात धरली. "निळं आलंय. कडेने गेलंय, पण मध्ये टिकलंय. मोठ्या माणसाच्या हातावर हस्तज जगू शकतात, याचा पहिला पुरावा. याचं कारण तिच्या कातडीत सापडलं, तर सगळ्या मोठ्यांचे हात पिकते करता येतील. मग मुलांची गरजच नाही. तुम्हालाही तेच हवंय ना?"

बाईंनी ताटली हातात घेतली. केतकीच्या लांब पंजाचा ठसा स्वच्छ उमटला होता आणि त्याच्या मधोमध निळा रंग होता. रंगाची कड त्यांनी नजरेने हळूहळू फिरून बघितली. त्या निळ्यालाही पाच बोटं होती. मोठ्या पंजाच्या आत एक लहान पंजा होता आणि त्याची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती.

तशी करंगळी शाळेत एकीचीच होती. अल्फिया तांबोळी, वय नऊ. चिंचेवरून पडली तेव्हा मोडलेलं बोट वाकडंच जुळलं होतं.

बाईंनी ताटली परत दिली आणि त्या बाहेर वाफ्यांकडे गेल्या.

अल्फिया तिच्या वाफ्यापाशी भुईमुगाची पानं निरखत बसली होती.

"अल्फिया, केतकीच्या हाताला रोज सकाळी कोण हात लावतं?"

"कुणीच नाही." उत्तर फार लवकर आलं.

"मी रागावणार नाही."

"अल्लाची शप्पथ घ्या."

"तुझी घेते."

अल्फियाने इकडेतिकडे बघितलं. "पण तुम्हीच शिकवलं होतं, बाई."

"मी?"

"वीज गेली होती बघा, वर्गात उकडत होतं, तेव्हा. सावड."

बाईंना ती दुपार आठवली. अभ्यासक्रमात नसलेलं काहीतरी वेळ काढायला सांगितलं होतं. पूर्वी इथली दोन घरं सावड करायची. आज दोघं मिळून तुझ्या रानात, उद्या दोघं मिळून माझ्या रानात. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. घेतलेले कष्ट कष्टानेच फेडायचे. मुलांनी प्रश्नही विचारले नव्हते. बाईंना वाटलं होतं, निम्मी झोपली आहेत.

"केतकीताई पास होणार म्हणून आम्ही सगळ्यांनी सावड केली," अल्फिया सांगत होती. "फाटक उघडलं की आधी तिचा वाफा. पण ताई म्हणाली, मी नुसती बसणार नाही, माझेही हात लागले पाहिजेत. मग रुद्र म्हणाला, हिला आपण आपला हातगुण देऊ. म्हणून मी रोज तिच्या हाताला हात लावते. असा." तिने बाईंचा हात ओढला आणि आपला तळवा त्यावर घट्ट दाबला. नमस्कारातला एक हात बाईंचा, एक तिचा. "मग ती मातीत घालते."

"आणि केतकी तुमचं काय करते?"

"आमच्या सगळ्यांच्या बादल्या ती भरते. जड असतात ना त्या. फेडायला नको?"

संध्याकाळी केतकीची आई, प्रणाली, बाईंच्या दाराशी आली. बाईंनी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "बाई, तुमी मधी येऊ नका. जन्माचा शिधा म्हणत्यात."

"तिच्या तळव्याची कातडी काढणार आहेत, प्रणाली."

"भरून येती म्हणत्यात की. छावणीत पोरींचं काय हुतं ते मी बघितलंय. ते भरून येत न्हाई."

केतकी आईच्या मागे उभी होती. "मला जायचं नाहीये," ती म्हणाली. "आणि पास पण व्हायचं नाहीये."

"तिसरं काही हाय का तुझ्याकडं?" आई म्हणाली. केतकीकडे नव्हतं. बाईंकडेही नव्हतं.

त्या रात्री बाईंनी एकच हिशेब पुन्हा पुन्हा केला. गप्प राहिलं, तर केतकी केंद्रात जाईल. तिथे अल्फियाचा हात नसेल. दोन दिवसांत निळं नाहीसं होईल. शास्त्रज्ञ मग ते शोधू लागतील आणि शोधण्यासाठी आणखी कातडी घेतील. बोललं, तर केतकी पास होईल आणि मायलेकी छावणीत जातील. शिध्याचं शाळेत काहीतरी करता येईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. काय ते त्यांना माहीत नव्हतं.

सकाळी गाडीचं दार उघडं होतं आणि केतकीचं बोचकं आत ठेवलेलं होतं. बाई अल्फियाला घेऊन पानशांसमोर उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं.

पानशांनी वाद घातला नाही. त्यांनी आपल्या बॅगेतून साबणाची वडी काढली. "वरवरचे धुऊन जातात, कातडीत रुजलेले तासाभरात पुन्हा वर येतात," ते म्हणाले. मुलं ती बघायला पुढे सरकली. काहींनी इतक्या जवळून साबण बघितला नव्हता. केतकीने हात धुतले, कोरडे केले, ताटलीत दाबले. तास गेला. ठसा पाण्यासारखा स्वच्छ राहिला.

"नाहीच आहेत," पानसे म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा थकलेला दिसला. प्रणालीने गाडीतून केतकीचं बोचकं बाहेर ओढलं.

मग पानशांनी मान वर केली.

"पण काल होते," ते म्हणाले. "बाळ, जरा हात दे."

अल्फियाने हात दिला. त्यांनी आपला तळवा तिच्या तळव्यावर दाबला, मनात काहीतरी मोजलं, आणि नव्या ताटलीत ठसा घेतला. पन्नाशीच्या माणसाचा रुंद पंजा. तासाभराने त्याच्या मधोमध निळं उमटलं, करंगळी वाकडी असलेलं.

"टिकायची गरजच नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "मोठ्याच्या हातावर हे सकाळपुरतं राहिलं तरी पुष्कळ. तेवढ्या वेळात तो आपल्या रानातून फिरून येईल. आम्ही एका मुलाला एका वाफ्यापाशी बसवून ठेवत होतो. कसली नासाडी! बाई, रोज सकाळी एक मूल शंभर माणसांना पुरेल. कुणाची त्वचा नको, काही नको. हे सुचलं कुणाला?"

बाईंनी अल्फियाचा हात आपल्या हातात ओढून घेतला.

"बाईंनी शिकवलं," अल्फिया अभिमानाने म्हणाली.

"मग या वेळचं पत्र वेगळं लिहावं लागेल," पानसे म्हणाले आणि हसले. त्यांच्या हसण्यात कपट नव्हतं.

"त्या पहिल्या गावाचं काय?" बाईंनी विचारलं. "सालपटांचं?"

"तिथे नियम नव्हते. इथे फाटक असेल, रांग असेल, वेळ ठरलेली असेल. आणि तुम्ही असाल."

पुढच्या पेरणीला शाळेतले वाफे मोडले. त्यांची गरज राहिली नव्हती. पिंपरतळ्याच्या आसपासची रानं कितीतरी वर्षांनी हिरवी झाली, छावणीतली माणसं परतू लागली. ढवळे मायलेकींना ओढ्याकाठी जमिनीची एक पट्टी मिळाली आणि केतकी ती स्वतः कसू लागली. तिच्या तळव्यांना कुणी पातं लावलं नाही. केंद्राच्या अहवालात या पद्धतीला सावड हेच नाव दिलं गेलं. लोकांना ते ओळखीचं वाटेल म्हणून.

वेळापत्रकात आता एकच तास होता. मुलं उंच स्टुलांवर बसत, दोन्ही हात पुढे करून. मोठी माणसं फाटकातून रांगेने येत, तळवे दाबून घेत आणि घाईने आपापल्या रानाकडे निघत. ऊन चढायच्या आत पोचायला हवं असे. राबणारे हात खरखरीत असतात. तिसऱ्या आठवड्यापासून मुलांचे तळवे लाल दिसू लागले, मग सोलवटले. मलम लावायला बंदी होती.

रांग सरळ ठेवणं हे बाईंचं काम होतं.

एका सकाळी अल्फियाने दोन माणसांच्या मध्ये हात मागे घेतला आणि त्यावर फुंकर मारली.

"बाई, सावडीत फेडायचं असतं ना?"

"हो."

तिने रांगेकडे बघितलं. रांग फाटकाबाहेर ओढ्यापर्यंत गेली होती. पुढून चौथी केतकी होती. ती आपल्या पायांकडे बघत उभी होती.

"मग ही सगळी माझं काय करणार आहेत?"

बाईंनी उत्तरासाठी थोडा वेळ घेतला. तेवढ्या वेळात मागून कुणीतरी ओरडलं, की ऊन चढतंय.

"हात पुढे कर, बाळ," बाई म्हणाल्या, आणि रांगेला म्हणाल्या, "सरका पुढे."